गप्प राहायचं, तर तेही बोलून

आमच्याकडची पोरं दोनदा पळतात. पहाटे पोलीस भरतीसाठी आणि दिवसा पोलीस दिसले की. पुष्कळदा पोरगा तोच असतो. सकाळी डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरची वेळ लावणारा गडी संध्याकाळी वळणावर नाकाबंदी दिसली की मोटारसायकल सरळ धानाच्या बांधीत घालतो. त्याने काही केलेलं नसतं. लायसन्स नसतं, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो : पळू नका. मुंबई-पुण्यात पळणाऱ्या पोराच्या मागे शिट्टी वाजते. गडचिरोलीच्या जंगलात पळणाऱ्या माणसाकडे बंदुकीच्या नजरेने पाहण्याची सवय नक्षलवादाच्या गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत लागलेली आहे, आणि ती एका रात्रीत जाणार नाही. थांबा, हात दिसतील असे ठेवा, खिशात किंवा पिशवीत हात घालायचा असेल तर आधी सांगा. कुऱ्हाड, कोयता, गुलेर हातात असेल तर खाली ठेवा. गाडीवर असाल तर गाडी बंद करा. अठराच्या आत गाडी चालवताना सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ कलमाखाली खरी अडचण तुमच्या बापाची किंवा गाडीमालकाची आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. पण त्यासाठी धानात उडी घेऊन हात मोडून घेण्यात काही अर्थ नाही.

मग विचारणारा कोण, ते बघा. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गणवेश फार. ठाण्याचा जमादार, उपपोलीस ठाण्याचे शिपाई, नक्षलविरोधी सी-सिक्स्टी पथकाचे जवान, सीआरपीएफ, शिवाय जंगलात वनरक्षक आणि वनपाल. नाव, गाव, बापाचं नाव, वय विचारलं तर खरं सांगा. यात लपवण्यासारखं काही नसतं, आणि काही प्रसंगी नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा सांगितला तर तेवढ्यावरूनही ताब्यात घेता येतं. मोठ्या भावाचं नाव सांगून सुटायची युक्ती तर कधीच करू नका. सकाळी पोलीस पाटलाला फोन जातो आणि दुपारपर्यंत दोन भावांची पंचाईत होते.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड पुढे आहे, आणि त्यासाठी देसाईगंजला जावं लागेल.

देसाईगंज म्हणजे वडसा. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी आली होती. तेव्हा हा सगळा चंद्रपूर जिल्हाच होता. गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये. मुलीचं वय डॉक्टरांनी नंतर चौदा ते सोळाच्या दरम्यान धरलं. घरच्यांनी दिलेल्या तक्रारीसंबंधात तिचं बयाण घ्यायचं होतं. बयाण झालं, रात्र बरीच झाली होती, जन्मतारखेचा दाखला आणा असं सांगून जमादार जेवायला घरी गेला. सोबतची माणसं बाहेर गेली आणि मुलगी आत राहिली. पुढे तिने ठाण्यातल्या दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप केला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. मी ते नाव इथे लिहीत नाही. देशभरातल्या वर्गखोल्यांत ते पुरेसं घेऊन झालं आहे. कागदोपत्री खटल्याचं नाव आहे ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’.

सोडण्याचं कारण काय दिलं, ते नीट वाचण्यासारखं आहे. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, आरडाओरडा झाल्याचं दिसत नाही, म्हणजे जे झालं ते तिच्या मर्जीने झालं. परक्या चार भिंतींत, मध्यरात्रीच्या सुमारास, वर्दीसमोर एक पोर गोठून गेली, तर त्या गोठण्याचा अर्थ ‘होकार’ असा लावला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, रस्त्यावर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचाराचा वेगळा गुन्हा आला, आणि अशा खटल्यात बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं तर न्यायालयाने ते तसंच धरून चालायचं, असं ठरलं. आज देशातल्या कुठल्याही बाईला या बदलाचा आधार मिळतो तेव्हा त्याची सुरुवात आपल्या वडशाच्या ठाण्यात झालेली असते. आपल्या शाळेत मात्र हे कुणी शिकवत नाही.

मुलांना सांगण्यासारखं मला त्यातून एवढंच दिसतं : तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ दुसऱ्याला लावू देऊ नका. गप्प राहायचं असेल तर तेही तोंडाने सांगा.

‘साहेब, मी सहकार्य करतो, पण आई-बाबा किंवा वकील आल्यावर बोलतो.’ हे वाक्य पाठ करा. मुलींनी म्हणावं, ‘मॅडम असतील तर त्यांच्यासमोर, आणि माझं माणूस सोबत असेल तर सांगते.’ हे उर्मट वाक्य नाही. आपल्याला वाटतं की मोठ्यांना असं म्हणणं म्हणजे उलट उत्तर. पण अंगावर येईल अशा प्रश्नाचं उत्तर न देण्याची मुभा राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाने दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा चौकशीच्या टप्प्यापासूनच आहे असं नंदिनी सत्पथी खटल्यात सांगितलं. साल तेच, १९७८. पण ही मुभा न बोलता घेतली तर ‘पोरगा गुर्मीत होता’, ‘पोरीने मान डोलावली’ असं काहीही कागदावर उतरू शकतं.

मान डोलावण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आमच्या भागात खरा घोटाळा तिथे होतो. आश्रमशाळेत कायद्याबद्दल बोलायला गेलो की मी एक खेळ करतो. एखाद्या मुलाला उभं करतो आणि जरा आवाज चढवून विचारतो, ‘तू पण होता ना त्यांच्यासोबत?’ पोरगं म्हणतं, ‘हो.’ कुणासोबत, कुठे, केव्हा, काहीच विचारलेलं नाही. मग विचारतो, ‘हो का म्हणालास?’ तर म्हणे, ‘तुम्ही विचारलं म्हणून.’ घरात माडिया, बाजारात छत्तीसगढी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली आणि शाळेत मराठी, अशा पोराला मोठ्या माणसाचा अर्धा प्रश्न कळतो आणि उरलेला अर्धा तो ‘हो’ने भरून काढतो. घरी ही शिस्त आहे. ठाण्यात ही कबुली आहे.

म्हणून प्रश्न कळला नाही तर ‘कळलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणा. दहा वेळा म्हणा. मराठी नीट येत नसेल तर ‘माझ्या भाषेत सांगणारं कुणी बोलवा’ म्हणा. अठराच्या आतल्यांची प्रकरणं चालतात त्या बाल न्याय मंडळासमोर तर गरज असेल तेव्हा दुभाषी द्यायचाच, असं कायद्यात लिहिलं आहे. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’. ऐकलेलं असेल तर ‘पाहिलं नाही, ऐकलं’. गावात रात्री कोण आलं होतं, कुणी जेवू घातलं, असे प्रश्न या जिल्ह्यांत पुष्कळ पोरांना विचारले गेले आहेत. त्याचं अंदाजाने दिलेलं उत्तर शेजारच्या माणसाला महिनोन्महिने तुरुंगात बसवू शकतं. खोटं मात्र सांगू नका. गप्प राहण्याची मुभा आहे, खोटं बोलण्याची नाही, आणि सरकारी माणसाला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे.

आता ठाण्यावर बोलावणं आलं तर काय, ते पाहू.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या १७९ व्या कलमाप्रमाणे साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी आदेश लागतो. आणि कोणत्याही वयाची मुलगी किंवा बाई, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या वरचा पुरुष, अपंग किंवा फार आजारी माणूस, यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. स्वतःच्या मर्जीने आलात तर गोष्ट वेगळी. म्हणून ‘चल, पाच मिनिटांचं काम आहे’ असं कुणी म्हणालं तर पोरीने म्हणावं, ‘घरी विचारा, आई आहे.’ पंधरा, सोळा, सतरा वर्षांच्या मुलांना ही सवलत नाही, हे लक्षात ठेवा. त्यांना लेखी बोलावणं आलं तर जायला हवं, पण एकट्याने नव्हे. आई-बाप मजुरीला तेलंगणात मिरची तोडायला गेले असतील तर काका, मास्तर, पोलीस पाटील, ग्रामसभेचा अध्यक्ष, कुणीही मोठं माणूस. आणि दिवसा.

तिथे गेल्यावर एक प्रश्न सरळ विचारा : ‘मला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे की माझ्यावर संशय आहे?’ साक्षीदार असाल तर जमादार तुमचं बयाण लिहून घेईल. त्याच्यावर तुमची सही लागत नाही, किंबहुना सही घ्यायचीच नाही असं १८१ वं कलम सांगतं. मला भेटलेल्या दहा माणसांतल्या नऊंना हे ठाऊक नसतं. जप्तीचा पंचनामा, नोटीस मिळाल्याची पोच, अशा कागदांवर सह्या असतात, त्या वेगळ्या. तिथेही वाचल्याशिवाय नाही, आणि कोऱ्या कागदावर तर अंगठासुद्धा नाही.

संशय तुमच्यावरच असेल आणि वय अठराच्या आत असेल, तर सगळा रस्ताच बदलतो. पेपरात तुम्ही ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा बोजड शब्द वाचला असेल. तो म्हणजे तुम्ही. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की अशा मुलाला कोठडीत टाकायचं नाही, तुरुंगात तर नाहीच. त्याखालचे नियम सांगतात की बेडी घालायची नाही, मुलाशी बोलणाऱ्या पोलिसाने वर्दीत नव्हे, साध्या कपड्यात असायचं, कोणत्याही बयाणावर मुलाची सही घ्यायची नाही, आणि आई-बापाला लगेच कळवायचं. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ‘बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना बोलवा’ असं पदाने मागा. चोवीस तासांत मुलाला बाल न्याय मंडळासमोर न्यायचं असतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत, आणि सिरोंचा ते गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, तेव्हा हा ‘प्रवासाचा वेळ’ लांबू शकतो. अशा वेळी आई-बापाने सोबत राहणं हाच उपाय.

पण अठराच्या आत आहात हे सिद्ध कशाने करणार? आधार कार्डावर आमच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीला असतो. आधार हा वयाचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत साल-दोन साल इकडेतिकडे होतात, आणि सतरा वर्षांच्या पोरासाठी तेवढा फरक म्हणजे निरीक्षणगृह की तुरुंग असा असतो. देसाईगंजच्या त्या रात्रीही जन्मतारखेचा कागदच मागितला गेला होता. शाळेच्या दाखल्याची एक झेरॉक्स घरात कौलाखाली नव्हे, पत्र्याच्या पेटीत ठेवा. वाळवी लागत नाही.

खरं तर माझ्या पाहण्यात आमच्या भागातली पोरं चोरी-मारामारीपेक्षा दारूच्या पायी जास्त अडकतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मधे वैनगंगा. या काठावर दुकान, त्या काठावर बंदी, आणि मधे शाळकरी पोरगा पाठीला दप्तर लावून. मोठे लोक मुद्दाम त्यालाच पुढे करतात, कारण ‘लहान आहे, सुटेल’. असा पोरगा सापडला तर त्याने दोन गोष्टी जाणून असाव्यात. मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ वाहून नेणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७८ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत मुख्य गुन्हेगार तो आहे, तुम्ही नाही. आणि दुसरं, त्याचं नाव सांगायचंच तर वकिलासमोर, सगळ्यांदेखत मोटारसायकलवर बसून नाही, कारण रात्री तुम्हाला त्याच गावात झोपायचं आहे.

भरतीची स्वप्नं पाहणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘केस लागली तर नोकरी गेली का?’ बाल न्याय कायद्याचं २४ वं कलम सांगतं की या कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला पुढच्या आयुष्यात त्यामुळे अपात्र धरायचं नाही. अपवाद एकच, सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्हा केला आणि प्रौढासारखा खटला चालून दोषी ठरला तर. पण चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर काय भरायचं ते ठरवण्याआधी वकिलाला विचारा. चुकीच्या रकान्यात लिहिलेल्या ‘नाही’ने पोरं घरी बसल्याचं पाहिलं आहे.

वकील आणायचा कुठून? आणि पैसे? बाई, मूल, आदिवासी, अनुसूचित जातीचा माणूस, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील देणारा कायदा १९८७ चा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोन १५१००. मुलांसाठी १०९८. तातडीला ११२. हे तीन आकडे आणि घरातल्या एकाचा नंबर पाठ करा, मोबाईलमध्ये सेव्ह करून भागत नाही. पोलीस पहिल्यांदा मोबाईलच घेतात, आणि पुष्कळ गावांत रेंज मिळते ती टेकडीवरच्या एका झाडाखाली.

मोबाईल घेतलाच तर पावती किंवा पंचनामा मागा. जप्तीचं चित्रीकरण करायचं, असं नव्या संहितेत लिहिलं आहे. हिसकाहिसकी करू नका, स्वतःहून काही डिलीट करू नका. डिलीट केलेलं परत निघतं, आणि मग साधा फोटोसुद्धा संशयाचा होतो.

जंगलातल्या चौकशीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण ती मोठ्यांनाही ठाऊक नसते. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग धरतात. पण वनाधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत, असंच न्यायालयं बहुतेक धरत आली आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ५० व्या कलमाखाली अधिकार दिलेल्या सहायक वनसंरक्षकाने किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेलं बयाण पुढे खटल्यात वापरता येतं. ताडोब्याच्या कडेच्या गावात तारेचा फास सापडला आणि ‘खरं सांग, सोडून देतो’ म्हटल्यावर पोराने दुसऱ्याचं पाप अंगावर घेतलं, तर ते वाक्य पोलिसांसमोरच्या वाक्यापेक्षा कितीतरी जड जातं. म्हणून मोहफूल वेचायला किंवा तेंदूला गेलेल्या पोराला वनविभागाने बसवून घेतलं, तर तिथेही तेच वाक्य : ‘आई-बाबा आल्यावर बोलतो.’ अठराच्या आतल्या मुलाला बाल न्याय कायदा सगळीकडे लागू आहे, मग कलम वाघाचं असो की सागाच्या पाटीचं.

हे सगळं वाचून पोलीस म्हणजे वैरी असं समजू नका. गडचिरोली पोलिसांच्या दादालोरा खिडकीतून कित्येकांना जातीचे दाखले आणि योजनांचे लाभ मिळाले आहेत. दादालोरा म्हणजे मोठा भाऊ. ज्याने तुमचा दाखला काढून दिला तोच उद्या प्रश्न विचारायला बसेल. त्याच्याशी अदबीने बोला, ‘साहेब’ म्हणा, पाणी विचारलं तर घ्या. नियम मात्र मोठ्या भावालाही लागू असतात.

कुणी हात उचललाच तर तिथे उलट हात उचलू नका. मंडळासमोर किंवा न्यायाधीशासमोर नेतील तेव्हा ते विचारायची वाट न बघता सांगा, आणि त्याच्या आधी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर तपासतील तेव्हा दुखतं ती जागा दाखवा. ‘पडलो’ म्हणू नका.

आणि घरी आल्यावर, कितीही उशीर झाला तरी, भाताच्या आधी वही घ्या. किती वाजता बोलावलं, किती वाजता सोडलं, कोण बसलं होतं, छातीवरच्या पट्टीवर काय नाव होतं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, कुठल्या कागदावर सही केली. लिहिता येत नसेल तर बहिणीला सांगा, ती लिहील. तारीख घाला. मग जेवा.